सॉकेट उघडल्यावर: बाइटांच्या प्रवाहाची ओळख

[दृश्य: शेजारी शेजारी दोन टर्मिनल]

डावीकडे सर्व्हर आहे, उजवीकडे क्लायंट. दोन्ही एकाच मशीनवर चालू आहेत, म्हणून पत्ता १२७.०.०.१.

सर्व्हरने सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलायचं टोक, मागितलं आणि ऑपरेटिंग सिस्टिमने एक आकडा दिला: ३. शून्य, एक आणि दोन हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात. युनिक्समध्ये फाइल उघडल्यावर मिळतो तसाच हा आकडा. सॉकेटची ही पद्धत १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून आली. आजही बहुतेक भाषांमधल्या नेटवर्क लायब्रऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत.

बाइंडने पोर्ट, म्हणजे मशीनवर या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचायचा क्रमांक, ठरला: ५०००. मग लिसन, म्हणजे जोडण्यांसाठी तयार होणं, मग ॲक्सेप्ट, म्हणजे आलेली जोडणी स्वीकारणं. कर्सर आता जागचा हलत नाहीये, पण प्रोग्रॅम बिघडलेला नाही. तो कुणीतरी जोडलं जाण्याची वाट बघतोय. उजवीकडे कनेक्ट चालवलं, आणि डावीकडे नवा आकडा उमटला: ४. नीट बघा, सॉकेट आता दोन आहेत. नवी जोडणी आली तर ती ३ वर कळेल. या क्लायंटशी बोलणं मात्र ४ वरच.

[दृश्य: डाव्या टर्मिनलचा क्लोज-अप]

क्लायंटने 'नमस्कार' पाठवलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, हे २१ बाइट होतात. सर्व्हरचा बफर, म्हणजे एका वाचनात बाइट ठेवायची जागा, आम्ही मुद्दाम १० बाइटांचा ठेवलाय. पहिल्या वाचनात न, म, स आले, आणि हलन्ताच्या तीन बाइटांपैकी एकच. पडद्यावर तिथे तो प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतोय.

ही जोडणी टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर चालते, आणि टीसीपी बाइट क्रमाने पोहोचवतं. शब्द कुठे संपला, संदेश कुठे संपला, हे त्याला ठाऊकच नसतं. एका सेंडमागे एक रीसीव्ह असा हिशोब इथे चालत नाही. आमच्या मते हे पहिल्याच धड्यात सांगायला हवं, कारण एकाच मशीनवर छोटे संदेश बहुधा अख्खे येतात आणि चूक झाकली जाते. खऱ्या नेटवर्कवर ती कधीतरी बाहेर येतेच.

आता बदललेला कोड. क्लायंट आधी चार बाइटांत लांबी पाठवतो: ०, ०, ०, २१. सर्वांत मोठ्या स्थानाचा बाइट आधी, नेटवर्कचा रिवाज तोच. सर्व्हर लूपमध्ये वाचतोय: दहा, दहा, एक. एकवीस भरले, आणि मगच बाइटांची अक्षरं केली.

क्लायंट बंद झाला, रीसीव्हने शून्य दिलं. म्हणजे समोरच्याचं पाठवून संपलं. हे शून्य न तपासणारा लूप थांबतच नाही, प्रोसेसर खात राहतो.