कर्गेलेनच्या वाळूतल्या आया

मादागास्करपासून तीन हजार किलोमीटरहूनही लांब, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला कर्गेलेन बेटं आहेत. मालकी फ्रान्सची, पण कायमची वस्ती नाही. पोर्त-ओ-फ्रान्से इथल्या तळावर संशोधक आणि कर्मचारी पाळीपाळीनं राहतात. 1776 च्या नाताळात कॅप्टन कुक इथं उतरला आणि उघडेबोडके डोंगर पाहून त्यानं याला ओसाड बेट म्हटलं. पाण्याखाली काय आहे, ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

किनाऱ्यालगत केल्प या महाकाय समुद्रशैवालाचं दाट रान आहे. केल्प खडकाला जिथं चिकटतो, त्या गुंत्यात शिरून पाहा. बारीक हातांचे तारामासे, कृमी, चिमुकले कवचधारी जीव. बोट ठेवायला जागा नाही. वादळात केल्प उपटला, की यातले कितीतरी जीव त्याच्यासोबतच समुद्रावर वाहत निघतात. केल्पचा हा प्रवास किती लांबचा असतो? कर्गेलेनचा केल्प अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर सापडल्याचं 2018 साली प्रसिद्ध झालं. त्याची वाट वीस हजार किलोमीटरहून जास्त होती.

वाळूतला एक जीव मात्र कुठंही जात नाही. अबॅटस कॉर्डेटस हा सागरी अर्चिन, म्हणजे काटेरी कवचाचा समुद्रजीव, उथळ खाडीच्या तळाशी, वाळूत पुरून घेऊन, गाळातलं अन्न खात राहतो. जगात फक्त इथंच. अंगावरचे काटे इतके आखूड आणि दाट, की लव वाटावी. आता मादीची पाठ जवळून बघू. चार खोलगट कप्पे, त्यांवर काट्यांची जाळी, आणि आत पिल्लं! सुमारे नऊ महिने ती आईच्या पाठीवरच वाढतात आणि बाहेर पडतात ती पूर्ण घडलेली, इवलीशी अर्चिन होऊनच. बहुतेक अर्चिनांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर पसरतात. इथं तो टप्पाच नाही. 1874 मध्ये चॅलेंजर हे ब्रिटिश संशोधन जहाज इथं आलं, तेव्हा त्यावरचे शास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी अशी पिल्लं सांभाळणारी अर्चिनं पाहून त्यावर लिहिलं होतं.

थंड पाण्यात ही पद्धत उत्तम चालली. पण पिल्लं आईच्याच शेजारी स्थिरावतात, त्यामुळे थोड्याच अंतरावरच्या वस्त्याही जनुकीयदृष्ट्या वेगळ्या निघतात. एक वस्ती संपली, तर दुसरीकडून भरपाई होणं फार अवघड.

म्हणून पाण्याच्या वाढत्या तापमानाची काळजी वाटते. 2011 पासून प्रोटेकर या फ्रेंच प्रकल्पाचे पाणबुडे इथल्या उथळ तळाशी तापमापक बसवतात आणि ठरलेल्या जागी जीवांची नोंद घेतात. 2006 पासून हा भाग राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, 2019 पासून जागतिक वारसास्थळही. त्यामुळे मासेमारीवर, जहाजांवर बंधनं घालता येतात. तापणाऱ्या पाण्यावर इथून काहीच उपाय करता येत नाही. त्यासाठी लागणारे निर्णय या बेटांपासून हजारो किलोमीटर दूर, आपल्यासारख्यांच्या शहरांतच व्हायला हवेत.