फ्रान्सीने कोणते निबंध जाळले?

नमस्कार मंडळी! आज एका कादंबरीतल्या एकाच प्रसंगाबद्दल बोलायचंय. बेटी स्मिथ यांची ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’. पुस्तक १९४३ चं, पण गोष्ट सुरू होते १९१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग भागात. लेखिका स्वतः याच गरीब वस्तीत वाढलेल्या.

फ्रान्सी नोलन अकरा वर्षांची. आई इमारतीचे जिने घासते, त्याबदल्यात राहायला जागा. वडील गाणारे वेटर, दारूच्या आहारी गेलेले, पण लेकीवर जीव टाकणारे. आजीला अक्षरओळख नाही, तरी तिचं सांगणं एकच: पोरांना रोज एक पान शेक्सपिअरचं आणि एक बायबलचं वाचून दाखव. कधीकधी घरात खायला नसतं, पण ही दोन पानं चुकत नाहीत!

शाळेत फ्रान्सी झाडाफुलांवर छान छान निबंध लिहिते. प्रत्येकाला ‘ए’. मग १९१५ च्या नाताळात वडील जातात, आणि ती त्यांच्यावर चार निबंध लिहिते. चारही निबंधांना ‘सी’.

बाई म्हणतात, गरिबी, भूक, दारू जगात असतेच, पण त्यावर कुणी लिहीत नाही. हे ‘सॉर्डिड’ आहे, जाळून टाक.

आता बघा ही पोर काय करते. ती तो शब्द डिक्शनरीत शोधते. अर्थ सापडतो, गलिच्छ. तिला बाबा आठवतात. रोज स्वच्छ कॉलर लावणारे, झिजलेले बूट दिवसातून दोनदा चमकवणारे. ते गलिच्छ? संतापाने तिचं डोकं भणाणतं. हे वाचताना दर वेळी माझा गळा दाटतो. बापाची बाजू मांडायला तिच्याकडे बूट आणि कॉलर एवढेच पुरावे आहेत, पण तेवढे पुरतात.

घरी येऊन ती खरंच निबंध जाळते. पण कोणते? ‘ए’ मिळालेले!

कारण त्यातलं पॉपलरचं झाड तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. तिच्या दारात होतं ते सिमेंटमधून उगवणारं ‘ट्री ऑफ हेवन’, आपल्या महारुखाचं भावंड. आकाशाचं वर्णन कुठल्यातरी पुस्तकातलं. आणि फुलं? ती तिने बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये पाहिली होती.