शनिवारवाडा आत, कोथरूड बाहेर

(पडदा काळा. एकेक करून अक्षरं उमटतात: क्यू, डब्ल्यू, ५, डब्ल्यू, ए, क्यू.)

ही सहा अक्षरं बघून ठेवा.

हौशी रेडिओवर, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून घरच्या सेटवरून जगाशी बोलणं, ज्याला सगळे 'हॅम' म्हणतात त्यावर, प्रत्येकाला स्वतःची एक कॉल साइन असते. गाडीला नंबर प्लेट असते तशी. आपल्याकडच्या लोकांची बहुतेक वेळा 'व्ही यू'पासून सुरू होते. 'क्यू'पासून मात्र जगात कुणाचीच सुरू होत नाही. ते अक्षर कुठल्याही देशाला दिलेलंच नाही. तरीसुद्धा अशी कॉल साइन १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर दिवसाढवळ्या ऐकू येते, हजारो किलोमीटरवरून येते, आणि कॉम्प्युटर ती निमूटपणे नोंदवून ठेवतो.

बोलणारा माणूस नाही. फुगा आहे.

(दृश्य: चकचकीत रुपेरी फुगा. अर्धवट भरलेला, पोटाशी सुरकुत्या.)

वाढदिवसाला आणतात तसाच. कधी कधी अगदी तोच. बारशाच्या हॉलमधला रबरी फुगा आकाशात सोडला तर वर जाता जाता फुगत राहतो आणि फुटतो. हा पातळ प्लास्टिकचा असतो, फारसा ताणला जात नाही. म्हणून तो मुद्दाम अर्धवट भरायचा. वर हवा विरळ होत जाते तसा आतला हायड्रोजन किंवा हेलियम पसरतो, सुरकुत्या निघतात, आणि फुगा टम्म झाला की त्याचं आकारमान वाढायचं थांबतं. त्या उंचीवर तो तरंगत राहतो. साधारण बारा किलोमीटर, विमानांच्या वाटेच्याही जरा वर. तिथून पुढे जेट स्ट्रीम, म्हणजे त्या उंचीवरचा वेगवान वारा, नेईल तिकडे.

(दृश्य: तळहातावर सर्किट, बोटभर सोलर पट्ट्या, केसासारखी तार.)

खाली लटकतं ते एवढंच. एक जीपीएस, तापमानाचा सेन्सर, एक ट्रान्समीटर, वर-खाली लोंबणारी काही मीटर तार. सगळं मिळून दहा-वीस ग्रॅम. बहुतेकांत बॅटरी नसते, कारण उणे पन्नास अंशांत ती टिकवायची तर वजन वाढतं. सूर्य उगवला की फुगा बोलतो, मावळला की गप्प.

आणि बोलतो किती जोरात? दहा-वीस मिलिवॉट. तुमच्या चार्जरवरचा लाल दिवा साधारण तेवढीच वीज खातो. आता तो लाल दिवा ऑस्ट्रेलियातून पुण्याला दिसला पाहिजे, असं कुणी म्हणालं तर?

दिसत नाही, पण ऐकू येतो. श्रेय दोघांचं. एक, आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर: दिवसा १४ मेगाहर्ट्झच्या लहरी दोन-तीनशे किलोमीटर वरच्या त्या थरावरून खाली वळतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात, अशा उड्या मारत जग पालथं घालतात. दुसरे, जो टेलर नावाचे गृहस्थ. हे लहानपणापासून हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. पुढे खगोलशास्त्रज्ञ झाले, आणि एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतला पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारा तारा, शोधल्याबद्दल १९९३ साली रसेल हल्स यांच्यासोबत त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कुजबुजीएवढा सिग्नल गोंगाटातून उपसून काढणं हा त्यांचा धंदाच. तोच हात त्यांनी हौशी रेडिओला लावला, आणि २००८ साली डब्ल्यू एस पी आर ही संदेश पाठवायची पद्धत आली. उच्चार 'व्हिस्पर'. कुजबूज.

(आवाज: एक अखंड, जरासा थरथरणारा सूर.)

ऐका. यात चार सूर आहेत, पण ते इतके जवळजवळ आहेत की कानाला एकच वाटतो. दोन सुरांमध्ये दीड हर्ट्झसुद्धा अंतर नाही. सगळा संदेश सहा हर्ट्झमध्ये मावतो. आणि वेळ? ११० सेकंद. दर सम मिनिटाला, एक सेकंद उलटला की सुरू. घड्याळ चुकलं तर संदेश वाया, म्हणून जीपीएसची वेळ लागते. एवढ्या वेळात जातात फक्त ५० बिट. मोबाइलवर साधं 'बरं' टाइप केलंत तरी जवळपास तेवढे खर्च होतात.

हळू बोललं की लांब ऐकू जातं. पण सेन्सरवाल्याची पंचाईत इथेच होते. ५० बिटांची वाटणी आधीच ठरलेली: कॉल साइन, ठिकाण, ट्रान्समीटरची ताकद. तापमानाला, उंचीला जागाच ठेवलेली नाही. टेलरांना लहरी कुठवर पोचतात ते पाहायचं होतं, फुगे उडवायचे नव्हते.

ठिकाण तरी काय सांगतात? जगाचे चौकोन पाडलेत, दोन अंश रुंद, एक अंश उंच. पुणे येतं 'एम के ६८' मध्ये. लोणावळाही त्यातच. अलिबागही. महाडही. आणि चर्चगेटसुद्धा, दादरला मात्र 'एम के ६९' लागतं. फुगा एवढंच सांगणार असेल, तर तो पर्वतीवर आहे की समुद्रात पडलाय, कसं कळायचं?

मग फुगेवाल्यांनी जो जुगाड केला तो मला टेलरांच्या गणिताइतकाच आवडतो. पहिला संदेश खरा पाठवायचा, स्वतःच्या कॉल साइनने. दोन मिनिटांनी दुसरा पाठवायचा, तो धडधडीत खोटा.

(पुन्हा ती सहा अक्षरं.)

पहिला 'क्यू' आणि मधला '५' ही या फुग्याची खूण, आधीच ठरवलेली. उरल्या चार जागा. पहिल्या जागी ३६ पर्याय, पुढच्या तिघांत प्रत्येकी २६. गुणाकार करा: ६,३२,७३६. आता सांगायचंय काय? मोठ्या चौकोनाचे २४ गुणिले २४ छोटे चौकोन, आणि वीस-वीस मीटरच्या १,०६८ पायऱ्यांमध्ये उंची. गुणाकार ६,१५,१६८. बसलं! चादर पुरते, पण पाय बाहेर काढायला जागा नाही.

आपली सहा अक्षरं उलगडली की निघतं: छोटा चौकोन 'डब्ल्यू एम', उंची बारा हजार मीटर. आणि 'एम के ६८' मधला 'डब्ल्यू एम' म्हणजे ऐन पुणे. शनिवारवाडा आत, डेक्कन आत, स्वारगेट आत. कोथरूड बाहेर. (कोथरूडकरांनी मनावर घेऊ नये, अक्षांश-रेखांशांना पेठा कळत नाहीत.) हे उदाहरण मी कागदावर मांडलंय, पण खरे फुगे याच हिशेबाने बोलतात. हाच फुगा वीस मीटर वर सरकला, तर शेवटच्या 'क्यू'चा 'आर' होईल. बास, एवढाच फरक.

तापमान, व्होल्टेज आणि वेग जातात त्याच दुसऱ्या संदेशातल्या खोट्या पत्त्यात आणि खोट्या ताकदीत. त्यामुळे नोंदवहीत दिसतं असं की कुणीतरी भर समुद्रातून हजार वॉट फेकतंय. ज्याला किल्ली माहीत, तो वाचतो: उणे ३८ अंश, ४.१ व्होल्ट.

ही खोड जुनीच. १२ डिसेंबर १९६१ ला कॅलिफोर्नियातून एक अमेरिकी हेर-उपग्रह वर गेला, आणि त्याच्या रॉकेटवर वजन जुळवायला ठेवतात त्या ठोकळ्याच्या जागी हॅम लोकांनी घरच्या घरी बनवलेला साडेचार किलोंचा डबा बसला होता. ऑस्कर १. हौशी रेडिओचा पहिला उपग्रह. मोर्समध्ये तो फक्त 'हाय' म्हणायचा: टिट टिट टिट टिट, टिट टिट. आतलं तापमान बदललं की त्याची लय बदलायची. घड्याळ धरून 'हाय' मोजले की अंतराळातल्या त्या डब्याचं तापमान हातात. सेन्सरचा आकडा सुरातही नाही, शब्दातही नाही, नुसत्या ठेक्यात! २८ देशांतल्या ५७० हून अधिक हॅमनी त्याच्या नोंदी पाठवल्या.

फुग्यांचंही असंच चालतं. ऐकणारे कोण, ते फुगा सोडणाऱ्याला ठाऊक नसतं. कुणी गच्चीवर तार बांधलेली असते, कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो, पकडलेली प्रत्येक कुजबूज आपोआप इंटरनेटवर जाते.

(दृश्य: नकाशा. अमेरिकेतून निघालेली रेघ पृथ्वीला वेढे घालते.)

हा नॉर्दर्न इलिनॉय बॉटलकॅप बलून ब्रिगेड या हौशी क्लबचा फुगा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुटला. आपल्याकडे दिवाळी झाली, संक्रांत झाली, हा फिरतोच आहे. सहा प्रदक्षिणा पूर्ण, सातवी चालू. १० फेब्रुवारी २०२३ रोजी अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळून त्याची नोंद आली, उंची बारा किलोमीटरच्या आतबाहेर. वाऱ्याचा अंदाज सांगत होता की दुसऱ्या दिवशी तो कॅनडातल्या युकॉनवर असेल.

त्याच आठवड्यात अमेरिकेने हेरगिरीच्या संशयावरून चीनचा एक प्रचंड फुगा पाडला होता, आणि सगळे रडार डोळे फाडून बसले होते. ११ फेब्रुवारीला युकॉनवर एफ-२२ विमानाने एक 'अज्ञात वस्तू' क्षेपणास्त्राने पाडली. तसल्या एका क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरच्या वर. अवशेष सापडले नाहीत, शोध आठवड्याभरात थांबला. ती वस्तू या क्लबचाच फुगा होती असं अधिकृतपणे कुणी म्हटलेलं नाही. क्लबनेही म्हटलं नाही.

(नकाशावरची रेघ अलास्काशी थांबते. आवाज: रिसीव्हरची खरखर.)

फुगा गप्प झाला की घाबरायचं नसतं, हे त्या लोकांना पाठ होतं. फेब्रुवारीत उत्तरेला सूर्य क्षितिजालगतच फिरतो, सोलर पट्ट्यांना जेमतेम ऊन मिळतं. ढळलेला फुगा दक्षिणेकडे आला की पुन्हा बोलू लागतो.

त्यांनी वाट पाहिली. मग आपल्या यादीत त्या फुग्यापुढे लिहिलं: बेपत्ता.