कार्यालयातला संगणक सुरूच होत नाही, तेव्हा

श्रोते हो, नमस्कार.

मार्च महिना इंदूरमधल्या लहान कार्यालयांना दोन बाजूंनी जड जातो. ३१ तारखेला हिशेबाचे वर्ष संपते, आणि बहुतेक वर्षी त्याच्या थोडे आधी होळी आणि रंगपंचमी येऊन गेलेली असते. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, सारे शहर रस्त्यावर असते, आणि आदल्या संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लावणारा माणूस काळजीपोटी भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करून गेलेला असतो. सुटी संपते, कार्यालय उघडते, कोणीतरी बटण दाबते, आणि ज्या संगणकात पतसंस्थेची खाती, शाळेचे दाखले किंवा अशिलांची विवरणपत्रे साठवलेली आहेत, नेमका तोच संगणक सुरू होत नाही. अशा सकाळी पहिल्या तासाभरात काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याविषयी मी आज बोलणार आहे.

सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. संगणक सुरू न होणे आणि त्यातली माहिती नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. माहिती हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते. संगणक अडतो तो बहुधा वीज, रॅम (कामापुरती तात्पुरती स्मृती), एखादी सैल पिन किंवा बिघडलेली विंडोज यांमुळे. डिस्क त्या वेळी बहुतेकदा शाबूत असते. माहिती जाते ती पुष्कळदा त्यानंतर, म्हणजे घाबरलेल्या मालकाला कोणी सांगतो की ‘फॉरमॅट करावे लागेल’ आणि मालक मान हलवतो, त्या क्षणी. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून कोरी करणे, हा शब्द पहिल्या तासात कोणीही उच्चारला, तर त्याला थांबवा.

आता संगणक नेमका कोठवर जाऊन अडतो, हे पाहावे. बटण दाबल्यावर आधी वीज पोहोचते, मग यंत्र स्वतःची तपासणी करते, आणि त्यानंतर डिस्कवरून विंडोज उचलली जाते. पंख्याचा आवाज, बटणाजवळचा दिवा आणि पडद्यावरची अक्षरे एवढ्यावरून यातला कोणता टप्पा चुकला हे पुष्कळ अंशी कळते.

समजा, काहीच होत नाही; दिवा नाही, आवाज नाही. मग शोधाची सुरुवात भिंतीपासून करावी. ज्या सॉकेटला यूपीएसची पिन आहे, त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. यूपीएसकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडच्या लहान यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी काही वर्षांतच दमते, आणि ती पूर्ण संपल्यावर अनेक यूपीएस लाइट असूनही चालू होत नाहीत. मालकाला मात्र वाटते की संगणक बिघडला. म्हणून संगणकाची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला एकदा लावून पाहावी. याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावलेला असेल, तर तो तेथून कायमचा काढावा. कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्या प्रिंटरमधला रोलर तापतो, आणि त्या क्षणी तो इतकी वीज ओढतो की लहान यूपीएसला ती झेपत नाही.

भिंतीपासून सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या पेटीच्या, मागच्या बाजूपर्यंत वीज येते आहे, तरीही यंत्र मुके आहे, तर एसएमपीएसकडे यावे. सीपीयूच्या मागे जेथे वायर लागते, तो हा डबा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सौम्य विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. जुन्या एसएमपीएसवर लहानसे लाल सरकते बटण असते आणि त्यावर ११५ आणि २३० हे आकडे असतात. साफसफाईत कोणाचा हात लागून ते ११५ वर सरकले आणि मग वीज दिली, तर एसएमपीएस जागच्या जागी जळतो. ते बटण कधीही हलवू नये. जळका वास आला असेल तर पुन्हा बटण दाबू नये. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नये, हे मी विनंती म्हणून नव्हे तर ताकीद म्हणून सांगतो: वायर काढल्यानंतरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार काही काळ राहू शकतो. एसएमपीएस बिघडला तर तो अख्खा बदलावा. त्याच्या बिघाडाने माहितीला सहसा धक्का लागत नाही.

पुढच्या बाजूचे जे बटण आपण रोज दाबतो, ते ट्यूबलाइटच्या स्विचसारखे वीज जोडत किंवा तोडत नाही. ते केवळ मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, ‘आता सुरू हो’ अशी सूचना देते. दोन बारीक वायरी त्या बटणापासून मदरबोर्डपर्यंत जातात, आणि त्यातली एक निसटली तरी यंत्र मेल्यासारखे वाटते. मदरबोर्डवर एखादा लहान दिवा जळताना दिसत असेल आणि बटणाला मात्र प्रतिसाद नसेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला हीच शंका आधी बोलून दाखवावी.

आणखी एक साधा उपाय येथेच करून पाहावा. वायर भिंतीतून काढावी, पुढचे बटण १५ सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग वायर पुन्हा लावून यंत्र सुरू करावे. विजेच्या चढउतारानंतर अडलेली बरीच यंत्रे एवढ्याने चालू होतात.

दुसरी स्थिती अशी की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा राहतो. मॉनिटरला स्वतःचा दिवा आणि स्वतःचे बटण असते, हे विसरू नये. ‘नो सिग्नल’ असे दिसले, तर मॉनिटर चांगला आहे आणि त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही, एवढेच त्यावरून कळते. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. सीपीयूच्या मागे चित्राच्या केबलसाठी दोन ठिकाणी जागा असेल, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डावरची जागा वापरावी. फर्निचर हलवताना केबल चुकून दुसरीकडे लागणे अगदी नेहमीचे आहे.

केबल बरोबर असूनही पडदा काळाच असेल आणि आतून पुन्हा पुन्हा ‘बीप’ ऐकू येत असेल, तर संशय रॅमवर जातो. हे काम सावध हाताने कोणालाही करता येते. वायर काढावी, सीपीयूची बाजूची पत्र्याची झडप उघडावी, आणि काहीही हाताळण्यापूर्वी आतल्या रंग न दिलेल्या लोखंडी भागाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमची पट्टी दोन्ही कडांच्या खिट्ट्या मागे सारून बाहेर काढावी. तिच्या खालच्या काठावर सोनेरी रेघांची एक ओळ दिसेल. माळव्यातल्या पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची धूळ यांनी त्या रेघांवर काजळल्यासारखा थर धरलेला असतो. शाळेतल्या मुलांचे मऊ पांढरे खोडरबर त्यावरून हलके फिरवावे, रबराचा कीस ब्रशने झटकावा, पाणी किंवा थुंकी लावू नये, आणि पट्टी दोन्ही खिट्ट्या ‘टक’ असा आवाज करीपर्यंत दाबून बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकच लावून यंत्र सुरू करावे, मग दुसरी लावून पाहावे. खराब पट्टी आपोआप उघडी पडते. राजवाडा, सराफा या भागांतल्या कार्यालयांत रंगपंचमीनंतर झडप उघडली, तर प्रोसेसरच्या पंख्यावर गुलालाची गुलाबी पूड बसलेली दिसू शकते. ती मऊ ब्रशने काढावी आणि तेवढा वेळ पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

आता ज्या प्रकारात माझ्या मते सर्वाधिक माहिती विनाकारण पुसली जाते, त्याकडे येतो. मदरबोर्डवर एका रुपयाच्या नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती ३ व्होल्टची असते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणे, आणि बहुतेक जुन्या यंत्रांत कोणत्या डिस्कवरून कोणत्या पद्धतीने सुरू व्हायचे या नोंदी टिकवणे, हे तिचे काम. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत घड्याळाला एसएमपीएसमधूनच थोडी वीज मिळत राहते, म्हणून बॅटरी संपत आली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. सुटीत मुख्य स्विच बंद होतो, सारा भार तिच्यावर पडतो आणि ती मान टाकते. शनिवारी धडधाकट असलेला संगणक सुटीनंतर अडतो, त्याचे हे एक फार मोठे कारण आहे.

याच्या खुणा ओळखण्यासारख्या असतात. पडद्यावर सीमॉस किंवा चेकसम हे शब्द असलेला संदेश येतो आणि एफ-१ दाबा असे सांगितले जाते. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. तारीख चुकल्यामुळे बँकेची किंवा जीएसटीची संकेतस्थळेही उघडेनाशी होतात, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर त्याच तारखेशी ताडून पाहतो. इथवर गोष्ट निरुपद्रवी आहे. पण बॅटरी संपली की त्या नोंदीही मूळ स्थितीवर जातात. तुमची विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली असेल आणि मूळ नोंद यूईएफआय या नव्या पद्धतीची असेल, तर यंत्र सांगते की सुरू होण्याजोगी डिस्कच सापडत नाही. डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून बदलून दुसरी झाली असेल, तर विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर कोसळते. डिस्क सुखरूप आहे, तिच्यावरचे प्रत्येक खाते जागेवर आहे, आणि तरीही हा संदेश वाचून ‘डिस्क गेली’ असा निकाल दिला जातो. उपाय इतकाच आहे की रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर सहज मिळणारी ती बॅटरी नवी बसवावी, डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या या नोंदींच्या पानांवर, जावे, तारीख दुरुस्त करावी आणि त्या दोन नोंदी पूर्ववत कराव्यात. यंत्र नीट चालू असतानाच बायोसच्या त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, अशी माझी प्रत्येक कार्यालयाला आग्रहाची सूचना आहे. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला असेल तरी डिस्क सापडत नसल्याचा संदेश येऊ शकतो. तो आधी काढून पाहावा.

यापुढची स्थिती म्हणजे विंडोजचे चिन्ह दिसते, ठिपके फिरतात, आणि तेथेच सारे थांबते. पडद्यावर अद्ययावतीकरणाची टक्केवारी दिसत असेल, तर वाट पाहावी आणि वीज तोडू नये. तसे काही नसेल आणि यंत्र लागोपाठ काही वेळा अर्ध्यावर थांबले, तर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरती विंडोज सुरू करण्याची पद्धत, निवडता येतो, नुकतेच आलेले अद्ययावतीकरण मागे घेता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी निळ्या पडद्यावर अडकले होते, आणि आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते. त्यावरचा हातोहात उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे. त्यासाठी कोणाचीही डिस्क पुसण्याची गरज नव्हती.

मात्र त्या दिवशी अनेक कार्यालयांची जी अडचण झाली, ती आपलीही होऊ शकते. अनेक नव्या यंत्रांवर विंडोजमधलाच बिटलॉकर डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवतो, आणि बायोसमध्ये काही बदलले किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, की तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती बहुधा ज्याच्या नावाने यंत्र पहिल्यांदा सुरू केले, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल, तर किल्लीही त्याच्याबरोबर गेली. म्हणून ती आजच शोधून, कागदावर उतरवून, कपाटातल्या कुलपात ठेवावी.

डिस्क खरोखर आजारी असल्याची खूण वेगळी आहे. फिरत्या हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टिक्, टिक्’ असा आवाज येऊ लागला, तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने उरलेली माहितीही खरवडली जाते. आवाज नसेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी आणि टॅलीचा डेटा, पत्रव्यवहार, छायाचित्रे असे सारे आधी उतरवून घ्यावे. त्यानंतर खुशाल फॉरमॅट करावे.

यंत्र दुकानात देण्याची वेळ आली, तर तोंडी सांगण्यावर भागवू नये. पडदा काळा आहे की निळा, ‘बीप’ येते की नाही, शेवटचा संदेश कोणता होता, हे कागदावर लिहून सोबत द्यावे. संदेशाचा फोटो असेल तर उत्तम. पावती आपल्याकडे बहुधा हिंदीत लिहिली जाते, तिच्यावर ‘डेटा डिलीट नहीं करना है’ हे वाक्य आपल्यासमोर लिहून घ्यावे आणि डिस्कवरचा अनुक्रमांकही नोंदवून घ्यावा. डिस्क बदलावी लागलीच, तर जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नये, कारण बिघडलेल्या डिस्कवरही अशिलांचे पॅन आणि आधार क्रमांक वाचता येण्याजोगे उरलेले असू शकतात.

नमस्कार.