पिळायचं कसं?

(दृश्य : सुती पट्ट्यांचा गोंडा बादलीत बुडतो, वर येतो, पाणी गळतंय.)

काठीला फडका बांधून फरशी पुसणं कुणालाही सुचेल. अडतं ते पुढे. फडका भिजला, मळला, की तो पिळायला वाकावंच लागतं आणि घाण पाण्यात हात घालावाच लागतो. मग काठी लावून मिळवलं काय? म्हणून मॉपचा गोंडा आखताना तो पुसतो कसा यापेक्षा पिळला कसा जातो, याचाच विचार जास्त करावा लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या टॉमस स्टुअर्ट यांनी १८९३ मध्ये यावर पेटंट घेतलं. दांड्याच्या टोकाला कापड धरणारा आडवा चाप आणि तो आवळायला दांड्यावर सरकणाऱ्या कड्याला जोडलेली तरफ. रचना हुशारीची, पण हलणारे भाग बरेच.

(दृश्य : टाइल्सची फरशी, गुडघ्यांवर बसून पुसणारी बाई.)

१९५०च्या दशकातला स्पेन. फरशी पुसायची ती गुडघे टेकून, हातात फडका घेऊन. मानुएल हालोन हे तिथल्या हवाई दलातले इंजिनियर. अमेरिकेत विमानांच्या हँगरची जमीन माणसं उभ्याने पुसतात आणि मॉप बादलीवरच्या रुळांत पिळतात, हे त्यांनी पाहिलं. १९५६ मध्ये सारागोसा शहरात त्यांनी घरगुती वापरासाठी तसं साधन बनवायला घेतलं. सुरुवातीच्या बादलीवरही रूळच होते.

पुढच्या दशकात रूळ गेले. त्यांच्या जागी बादलीच्या तोंडावर बसली भोकं पाडलेली, खाली निमुळती होत जाणारी प्लॅस्टिकची टोपली.

(दृश्य : गोंडा टोपलीत उतरतो. दांडा खाली दाबून फिरवला जातो.)

ओली साडी दोघी दोन टोकं धरून पिळतात ना? इथे दुसरी बाई म्हणजे ही टोपली. गोंड्याचं खालचं टोक तिच्यात अडकतं, वरचं टोक दांडा फिरवतो. पट्ट्या एकमेकींवर आवळल्या जातात, निमुळत्या भिंती त्यांना आत रेटतात आणि पाणी भोकांतून खाली जातं. ना स्प्रिंग, ना पायडल. गंजणार काय आणि मोडणार काय?

मात्र टोपली निमुळती म्हटल्यावर गोंडाही गोलच हवा. चौकोनी पट्टा तिच्यात नीट गोळा होत नाही. पट्ट्या लांब ठेवल्या तर फरशी जास्त व्यापते, पण टोपलीत ढीग होतो आणि आतल्या पट्ट्या ओल्याच राहतात. सुती पट्ट्या पाणी भरपूर पितात आणि तितक्याच उशिरा वाळतात. वास मारतो तो त्यामुळे. गोंडा दांड्याला आट्यांवर बसवलेला असेल, तर पिळताना दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवावा. उलटा फिरवलात, तर दांडा हातात आणि गोंडा टोपलीत!

दोष आहेतच. पिळलेलं मळकं पाणी त्याच बादलीत पडतं आणि पुढच्या खोलीसाठी गोंडा त्याच पाण्यात बुडतो. कोपऱ्यात गोंडा पोचतो, पण दाब पडत नाही. तिथे बसून पुसलेल्या फडक्याची सर त्याला नाही. आपल्याकडच्या खडबडीत शहाबादी फरशीवर तर हे लगेच कळतं.

(दृश्य : जुन्या नोंदणीचा कागद, रेखाचित्र.)

स्पेनमध्ये नाव झालं ते हालोन यांचं. पण त्यांच्या तीन वर्षं आधी, १९५३ मध्ये, आस्तुरियास प्रांतातल्या आविलेसमध्ये हूलिया मोंतूसे आणि त्यांची मुलगी हूलिया रोद्रिगेस-मारिबोना यांनी एक साधन नोंदवलं होतं. फरशी धुण्या-पुसण्यासाठी, कुठल्याही बादलीला किंवा भांड्याला जोडता येईल असं. मायलेकींनी नवी बादली घ्यायला सांगितलंच नव्हतं. आज आपल्या बाजारात मॉप बहुतेक वेळा बादलीसकट विकत घ्यावा लागतो, आणि टोपलीचा कान तुटला की धडधाकट बादलीही अडगळीत जाते.