करकरीत नोटेचा भाव

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. आज जरा जुन्या नोटांबद्दल बोलूया म्हणतो, आणि त्याला कारण आमच्या ओळखीच्या एक काकू. त्यांचे सासरे १९५० च्या दशकात लंडनला शिकायला होते, परवा त्यांची ट्रंक उघडली तर जुन्या पासपोर्टात चौघडी घातलेला एक भलामोठा पांढरा कागद निघाला, एका बाजूला काळी छपाई, मागच्या बाजूला छपाईच नाही. काकूंचा फोन, "अरे ही नोट आहे का कसली हुंडी? आणि नोट असेल तर दोन-चार लाख तरी येतील ना?"

तर मंडळी, ती नोटच. बँक ऑफ इंग्लंडची पाच पौंडाची पांढरी नोट, व्हाइट फायव्हर म्हणतात तिला. सव्वाआठ इंच लांब, त्यामुळे पाकिटात घडी घातल्याशिवाय मावायचीच नाही. १९५७ मध्ये तिच्या जागी निळी नोट आली आणि १९६१ ला ही चलनातून गेली. पण बँक ऑफ इंग्लंडचा एक नियम मला फार आवडतो, त्यांची कुठलीही जुनी नोट त्यांच्याकडे नेली तर छापलेली रक्कम ते आजही देतात. म्हणजे काकूंना पाच पौंड नक्की. त्याच्या वर जे काय मिळेल ते गिऱ्हाईक देणार, आणि गिऱ्हाईक बघतं काय, तर आधी सही.

सही बँकेच्या चीफ कॅशियरची, म्हणजे मुख्य रोखपालाची असते. पेपियाट १९३४ ते ४९, मग बील, मग १९५५ पासून ओब्रायन. आता एक पौंडाच्या नोटेचं बघा, विसाव्या शतकात बँकेने ती पहिल्यांदा काढली नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेव्हा सही मॅहन यांची, आणि ते १९२९ मध्ये पदावरून गेलेच, म्हणून त्यांच्या सहीची नोट मिळणं अवघड आणि भावही चांगला. उलट पेज यांच्या सहीची हिरवी पौंडाची नोट, तीही जुनी दिसते, पण इतकी छापलीय की वापरलेली असेल तर छापलेल्या पौंडाच्या वर कोणी फारसं काही देत नाही. जुनं ते सोनं वगैरे इथे चालत नाही हो.

पांढऱ्या नोटेवर तारीख आणि गावही छापलेलं असतं. बहुतेकांवर लंडन. पण लीड्स, हल, प्लिमथ अशा शाखांचं नाव असलं की भाव एकदम चढतो. आणि पेपियाटची सही दिसली तर आधी नोट उजेडासमोर धरायची. युद्धात जर्मनांनी झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत कैद्यांकडून या नोटांची नक्कल करून घेतली होती, इतकी हुबेहूब की बँकेने १९४३ मध्ये दहा पौंड आणि त्यावरच्या नोटा काढणंच बंद केलं. मग १९४५ पासून पाचाच्या नोटेत धातूचा धागा आला. धागा दिसला तर ती त्या नकलांपैकी नाही. गंमत म्हणजे आता त्या खोट्या नोटांचेही शौकीन आहेत, आणि पैसे मोजतात!

पण सगळ्यात जास्त पैसा असतो तो कागदाच्या कडकपणात. करकरीत, एकही घडी नसलेली नोट आणि तीच नोट मधोमध घडी पडलेली, यात कितीतरी पट फरक पडतो. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझ्याकडे युद्धातली निळी पौंडाची नोट होती, १९४० पासून आलेली ती, हिरव्याऐवजी निळी. मधे हलकी घडी. मला कुठून बुद्धी सुचली, रुमालाखाली ठेवून इस्त्री फिरवली. दिसायला झकास झाली हो! मग एका जाणकाराकडे नेली, त्याने ती डोळ्यांसमोर आडवी, दिव्याच्या उजेडात तिरकी धरली, बोटाने चाचपली आणि म्हणाला, दाबलीय. कारण नव्या नोटेवर छपाईचा उठाव लागतो बोटाला, तो इस्त्रीने बसला, घडीची रेघ मात्र तशीच. निम्मा भाव गेला आणि वर लाज.

म्हणून धुवू नका, इस्त्री करू नका, सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर देवाशपथ नको. आणि ऑनलाइन कोणी काय किंमत टाकलीय ते बघू नका, विकली कितीला गेली ते बघा. २०१६ ला प्लास्टिकची पाचाची नोट आली तेव्हा नंबर एए०१ ने सुरू होतो, म्हणजे अगदी पहिल्या नोटांतली, एवढ्यावरून लोकांनी वाट्टेल त्या किमती लावल्या होत्या, लावायला काय जातंय.

हां, तर काकू. त्यांनी फोटो पाठवला. ओब्रायन यांची सही, लंडन, १९५६, म्हणजे शेवटच्या शेवटच्या नोटांतली, पण चौघडीची आणि मिळायला फार अवघड अशी नाही. आणि मागे निळ्या शाईत कोणाचं तरी इंग्रजी नाव आणि पत्ता. तेव्हा पाच पौंड म्हणजे मोठी रक्कम, दुकानदार नोट घेताना मागे नाव लिहून घ्यायचे. लिहिलेलं असलं की भाव थोडा उतरतो, तसं मी काकूंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "एवढंच ना, थांब, नातवाचं खोडरबर आहे."

मी म्हटलं काकू, ते आधी खाली ठेवा.