तहानलेल्या झाडाच्या आत काय चालतं

नमस्कार मंडळी. भर दुपारी पानं खाली सोडून उभं असलेलं झाड बघितलं की आपण म्हणतो बिचारं सुकतंय, आणि पुढे निघून जातो. पण खरं सांगू का, त्या वेळी ते झाड अजिबात गप्प बसलेलं नसतं. त्याला उठून सावलीत किंवा नदीकाठी जाता येत नाही, म्हणून जे काही करायचं ते पेशींच्या आत, आपल्या जीन्सच्या जोरावर, उभ्या जागी करावं लागतं. आज त्याच्याबद्दलच बोलूया.

सुरुवात पानापासून. पानाच्या खालच्या बाजूची पातळ साल काढून मायक्रोस्कोपखाली धरली तर बारीक बारीक तोंडं दिसतात, प्रत्येकाला दोन ओठांसारख्या दोन पेशी. हीच पर्णरंध्रं. ओठ पाण्याने फुगलेले असले की तोंड उघडं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत आणि पाण्याची वाफ बाहेर. पाणी कमी पडायला लागलं की झाड अॅब्सिसिक अॅसिड नावाचं एक हार्मोन बनवतं. १९६३ साली ते कापसाच्या कोवळ्या बोंडांतून वेगळं काढलं होतं, तेव्हा वाटलेलं की बोंडं आणि पानं गळायला हेच कारण, म्हणून नावही गळण्यावरून पडलं, आणि नंतर कळलं की त्याचं मोठं काम तहान सांभाळायचं आहे. २००९ मध्ये त्याचा रिसेप्टर, म्हणजे हे हार्मोन ओळखून पकडणारं प्रोटीन, सापडला आणि सगळी साखळी जुळली. एरवी एक प्रोटीन दुसऱ्याला दाबून ठेवत असतं, हार्मोन आलं की रिसेप्टर त्या दाबणाऱ्यालाच पकडतो, दुसरं मोकळं सुटतं आणि ओठांच्या पेशींमधले क्षार बाहेर जायचे दरवाजे उघडतं, क्षारांमागे पाणी जातं, ओठ ढिले पडतात आणि तोंड बंद. हे सगळं काही मिनिटांत!

ही झाली घाईची कामं. खरी मोठी उलथापालथ त्यानंतर पेशीच्या केंद्रकात होते. डीआरईबीसारखी काही प्रोटीन्स डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेकडो जीन्स चालू होतात, तर वाढीचे कितीतरी जीन्स मंदावतात. कुठे पाणी धरून ठेवायला साखर आणि प्रोलिन नावाचं अमिनो अॅसिड साठवलं जातं, कुठे पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी नेणाऱ्या अॅक्वापोरिन प्रोटीन्सची संख्या बदलते. मला सगळ्यात भारी वाटतात ती एलईए प्रोटीन्स. बी पिकून कोरडं होताना आतला जीव शाबूत ठेवायला जी प्रोटीन्स कामाला येतात, त्याच घराण्यातली प्रोटीन्स मोठं झाड दुष्काळात पानात आणि मुळात बनवतं, म्हणजे बी असतानाची युक्ती इतक्या वर्षांनी परत वापरात येते.

पण तोंड बंद केलं की कार्बन डायऑक्साइडही बंद, म्हणजे उपासमार. आणि उघडं ठेवलं तर खोडातून वर चढणाऱ्या पाण्यावर इतका ताण येतो की नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे होतात आणि ती नळी निकामी होते. २०१२ मध्ये जगभरातल्या २२६ जातींची माहिती एकत्र करून बघितली, तर जवळपास ७० टक्के जाती या धोक्याच्या अगदी काठावर जगतात असं दिसलं, आणि त्यात भरपूर पावसाच्या जंगलातली झाडंही होती! मला तर हे वाचून धक्काच बसला होता.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पॉपलर हे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचलेलं पहिलं झाड, २००६ साली. त्याची फांदी लावली की नवीन झाड तयार होतं, जीन्स तेच्या तेच, म्हणजे क्लोन. कॅनडातल्या संशोधकांनी एकाच क्लोनच्या पण वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेल्या झाडांच्या फांद्या आणून एकाच प्रकारच्या वातावरणात लावल्या आणि मग पाणी तोडलं. जीन्स सारखे, माती-उजेड सारखा, तरी काही क्लोनमध्ये एका ठिकाणाहून आलेल्यांनी वेगळे जीन्स चालू केले आणि दुसरीकडून आलेल्यांनी वेगळे! जो क्लोन आपापल्या जागी जास्त काळ राहिलेला त्यात फरक जास्त, आणि डीएनएवर चिकटणाऱ्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणाही तिथे वेगळ्या निघाल्या. हे २०११ मध्ये छापून आलं. म्हणजे आधी जिथे दिवस काढले त्याची आठवण फांदीसोबत येते असं दिसतं, आणि म्हणूनच मला वाटतं की रोपं लावताना जात कुठली एवढंच विचारून भागत नाही, ती वाढली कुठे हेही विचारायला हवं.

अर्थात मुळातले जीन्सही मोजले जातातच. २०१८ आणि २०१९ च्या दुष्काळात जर्मनीत बीच नावाच्या झाडांची जंगलं होरपळली, पण शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांत एक पानं झडून उघडं पडलेलं आणि दुसरं हिरवंगार, माती तीच, पाऊस तोच. अशा जोड्यांचा डीएनए तपासला तर शंभराच्या वर जागी दोघांत फरक सापडला, आणि त्या फरकांवरून कुठलं झाड तग धरेल याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी झाड मोठं होऊन पुढचा दुष्काळ पडायची वाट बघायला नको, रोपाचं एक कोवळं पान पुरतं.